न बोलणाऱ्या मुलाचे पोट

हैदराबादेतील काचीगुडा भागात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. निजामाच्या अमदानीत मराठवाडा याच राज्यात मोडत असे, आणि शिक्षण, नोकरी, व्यापार यांच्या निमित्ताने तिकडची माणसे येथे येऊन स्थायिक झाली. १९१६ साली बांधलेले येथील रेल्वे स्थानक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गाड्यांच्या शिट्ट्या आमच्या अंगवळणी पडल्या आहेत. माझ्या नातवाच्या मात्र त्या पडल्या नाहीत. शिट्टी झाली की तो दोन्ही कान घट्ट दाबून धरी. तीन वर्षे उलटली तरी तो बोलेना, हाकेला ओ देईना. सिकंदराबादेस बौद्धिक अपंगत्वासाठी १९८४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे तपासणी झाली आणि ‘स्वमग्नता’ हा शब्द आमच्या घरात आला.

परंतु वाचकहो, आज मी त्याच्या बोलण्याविषयी नव्हे, तर पोटाविषयी लिहीत आहे.

सहाव्या वर्षी तो रात्री-अपरात्री उठून रडू लागला. स्वतःचे मनगट चावी; पलंगाच्या लाकडी कडेवर पोट दाबून पालथा पडून राही. शेजारणी दृष्ट काढून गेल्या. एका डॉक्टरांनी ‘अशा मुलांचे असेच चालायचे’ म्हणून झोपेचे औषध दिले. त्या वाक्याचा मला आजही राग येतो. रडण्याचे कारण शोधण्याचे कष्ट ते एक वाक्य वाचवते, आणि बोलता न येणारे मूल त्याचा प्रतिवाद करू शकत नाही!

पुढे एका वृद्ध बालरोगतज्ज्ञांनी त्याला आडवे निजवून पोट हाताने चाचपले. आतड्यात मळाचे खडे साचले होते. चड्डीला दिवसातून दोन-तीनदा पातळ मळ लागे, ती हगवण नव्हे. साचलेल्या कठीण मळाच्या कडेने पाझरणारे ते पाणी होते. शौचाला दुखते म्हणून मूल शौच रोखून धरते, रोखल्याने मळ आणखी कठीण होतो, आणि मग अधिकच दुखते.

त्याचा आहार तरी काय होता? पांढरा भात, दूध आणि येथल्या इराणी हॉटेलांत मिळणारे मैद्याचे उस्मानिया बिस्कीट. भातात कोथिंबिरीचे एक पान दिसले तरी ताट दूर सारले जाई. हा हट्ट नव्हे. अशा मुलांना चव, वास, स्पर्श फार तीव्रतेने जाणवतात. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची जी पहिली हकिकत लिहिली, तीतही कित्येकांच्या खाण्याच्या तक्रारी नमूद आहेत. पुढे २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले असता बद्धकोष्ठ, अतिसार व पोटदुखी या तक्रारी स्वमग्न मुलांत इतरांपेक्षा बऱ्याच अधिक आढळल्या.

यावर उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. गहू आणि दूध बंद करा म्हणजे मूल बोलू लागेल, असे एक आप्त छातीठोकपणे सांगत. या पथ्याने स्वमग्नता हटते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. आणि जे मूल तीनच पदार्थ खाते त्याचे दोन काढून घेतल्यावर उरते काय? लसीविषयीची भीतीही अशीच. १९९८ साली इंग्लंडमधील डॉ. वेकफील्ड यांनी १२ मुलांवरून गोवराची लस, आतड्याचा विकार व स्वमग्नता यांचा संबंध सुचविला होता. तो निबंध २०१० साली मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी त्यांचे नाव वैद्यकांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. आतड्यातील जंतू वेगळे असतात, हेही ऐकू येते. परंतु २०२१ साली ऑस्ट्रेलियात २४७ मुलांच्या तपासणीत दिसले ते असे, की मोजकेच पदार्थ खाल्ल्याने जंतूंचे प्रकार कमी होतात. म्हणजे कारण ताटात होते.

उपचार साधा, पण चिकाटीचा ठरला. आधी कोठा साफ करून घेतला. नंतर मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक महिने चालले. बरे वाटताच ते बंद करायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. अन्न पोटात गेले की मोठ्या आतड्याला चालना मिळते, म्हणून जेवणानंतर दहा मिनिटे शौचास बसविणे सुरू झाले. कमोडवर पाय लोंबकळत, ते टेकण्यासाठी सूनबाईने लाकडी पाट ठेवला. शौचात रक्त, वारंवार उलटी, वजनात घट वा ताप दिसल्यास मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा, हेही त्यांनी बजावले होते.

पपईची फोड प्रथम नुसती ताटाशेजारी राहिली. पंधरा दिवसांनी त्याने तिचा वास घेतला, महिन्याने जीभ लावली. भातात वरण चमचाभरापासून वाढत गेले. रात्रीचे रडणे थांबले, मनगटावरचे व्रण भरले. शब्द अजून आलेले नाहीत. पण सूनबाईने पुठ्ठ्यावर पोटाचे चित्र काढून भिंतीशी टांगले आहे. दुखले की तो ते काढून तिच्या हातात देतो. भाकरीला तो अद्याप तोंड लावीत नाही. उस्मानिया बिस्कीटही सुटलेले नाही, आणि खरे सांगायचे तर संध्याकाळी चहाच्या वेळी त्यातले अर्धे तो मला देतो.