कमानपाटे

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात; कमानपाट्यांचं काम इथं ओघानंच आलं. आज ट्रकचे मागचे पाटे उतरवले. रावेर-यावलच्या केळीबागांतल्या काळ्या मातीच्या वाटांनी कमान पार बसली होती. कारागीर जादा पाटा टाका म्हणाला. मी नको म्हटलं. पाटा वाढला की ताठपणा वाढतो, हलकी गाडी उडते, आणि दणक्यानं केळीची साल काळी पडते. वर्षभर जपलेला घड शेवटच्या वाटेवर डागळावा, हे मला सोसत नाही. हेलकाव्यांसाठीही आहेत तेच पाटे पुरतात; ते एकमेकांवर घासतात म्हणून तर हेलकावे लवकर थांबतात! शेवटी जुन्याच पाट्यांना ठोकून कमान दिली, सेंटर बोल्ट नवा घातला. उद्या सावद्याला माल भरला की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे.