घरी कोण आहे?

माथेरानचा डोंगर सकाळपासून ढगात हरवलेला असतो, प्रबळगडावरून सर उतरत येते, गाढी नदी तांबडी होऊन फुगते, आणि पनवेलच्या रुग्णालयात ओल्या छत्र्यांचा, फिनेलचा, डब्यातल्या गार भाताचा असा एक वास दाटतो, की कुणाच्या तरी उशाशी जागून काढलेल्या साऱ्या रात्री एकदम अंगावर याव्यात. अशा जागी मला बसवतं. माणसं इथं खोटं कमी बोलतात.

जिन्याखालच्या अरुंद खोलीवर ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी. एवढं भारदस्त नाव कुणाच्याच तोंडी नसतं. सगळे मॅडम म्हणतात, कातकरी बाया सरळ ताई. डॉक्टरांचा राउंड संपला की ताईंचा सुरू होतो. डॉक्टर विचारतात, कुठं दुखतं? या विचारतात, घरी कोण आहे? आणि दिवसभर दातांत घट्ट धरलेला पदर डोळ्यांकडे जातो, खाटेवरच्या त्या मुक्या देहाला हळूहळू अंगण फुटतं: कुडाचं घर, दारातल्या दोन शेळ्या, शाळा सोडून त्या शेळ्यांमागं गेलेली मुलगी, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि दिवाळी सरली की भट्टीवर जाणं.

औषध तिथं हरतं.

क्षयाच्या गोळ्या निदान 6 महिने चालायच्या. पण कातकऱ्यांचं बिऱ्हाड एकदा वीटभट्टीकडे, कोळशाच्या भट्टीकडे निघालं की पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतत नाही. गोळ्या वाडीजवळच्या केंद्रात, फुप्फुसं दूर कुठल्याशा धुरात. मधलं अंतर ताई फोनवरून शिवत बसतात, जुनेरावर जुनेर ठेवून आजी गोधडी शिवायची तशा: भट्टीजवळचं आरोग्य केंद्र कोणतं, तिथली आशा कोण, मुकादमाचा नंबर चालू आहे का? फोन लागत नाही. त्या पुन्हा लावतात.

खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्राच्या आसपास, पाऊस तोच, पण बोली बदलतात. वऱ्हाडी, भोजपुरी, बंगाली. हातात फायलींची पिशवी, खांद्यावर मूल, आणि डोळ्यांत केमोच्याही आधीचा प्रश्न: आज रात्री झोपायचं कुठं? कर्करोगाशी लढाई वगैरे आपण म्हणतो. जवळून पाहिलं तर त्यातली कितीतरी निव्वळ खोली मिळण्याची, रेल्वेच्या सवलतीच्या कागदाची, गावाकडे राहिलेल्या धाकट्याच्या जेवणाची असते. हे सगळं ऐकून घेणारं कुणीतरी लागतं. उपाय सापडेपर्यंत नुसतं ऐकणारंही चालतं.

बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड कॅबट यांना हे फार पूर्वी उमगलं होतं. विश्रांती घ्या, सकस खा, असं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि चिठ्ठी ज्या घरी जायची तिथं ना विश्रांती, ना सकस अन्न! 1905 मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या जोडीला समाजसेविका आणली. आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात ही खुर्ची 1946 साली आली. सालं विसरली तरी चालतील. खुर्ची मात्र अजून जिन्याखालीच आहे, याचा मला राग येतो. वॉर्डात डॉक्टर आणि सिस्टरच्या शेजारी तिची जागा हवी.

घरचं कुणी रुग्णालयात असेल, तर मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन समाजसेवा विभाग कुठं आहे ते विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तिथं कळेल. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, हेही तिथंच कुणीतरी सांगेल. खोलीत कुणी नसेल तर जरा थांबा. ताई बहुधा वॉर्डात असतात.