पुढच्यास ठेच

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ही म्हण हल्ली मला खटकते. शहाणा होतो तो मागचा. पुढच्याच्या अंगठ्याचं काय झालं, तो लंगडत घरी गेला की तसाच चालत राहिला, म्हण काही सांगत नाही. आणि त्याला पुढे धाडलं कोणी? की पाय उचलायची घाई त्याचीच होती?

अशी एक पुढची मला माहीत आहे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका समाजमंदिरात किशोरींचा गट जमतो. खाकी कव्हर घातलेल्या वहीत पंधरा वर्षांची एक मुलगी हजेरी घेते. पाळी, रक्त कमी असणं, क्लासच्या वाटेवर उभी राहणारी पोरं, दहावीनंतर घरचे शिकवतील का, हे सगळं तिच्यासमोर निघतं. आईला न सांगितलेलं मुली हिला सांगतात. परवा वही मिटता मिटता ती म्हणाली, "ताई, सगळ्या मला सांगतात. मी कोणाला सांगायचं?" आणि चपला घालून निघूनही गेली.

२०१०मध्ये आलेल्या केंद्राच्या सबला योजनेतही असाच पंधरा ते पंचवीस मुलींचा गट असे. त्यात एक सखी, म्हणजे गटाची लीडर, आणि दोन सहेली. सखीपद वर्षभराचं, मग दुसरीची पाळी. नियम करणाऱ्याच्या मनात ही म्हण असेल का? एकीनेच किती ठेचा खायच्या, आळीपाळीने खा. पण मुंब्र्यात परचम या संस्थेच्या मुली फुटबॉल खेळू लागल्या, खेळायला मैदान मागू लागल्या, तिथे मागून आलेल्या नुसत्या शहाण्या झाल्या नाहीत, खेळायला उतरल्या. म्हणजे म्हण तिथे लंगडी पडते. की मीच तिला फार ताणते आहे?

लीडर म्हटलं की मला आधी लोकलचा लेडीज डबा आठवतो. अंबरनाथच्या कितीतरी बायका सीटसाठी उलट्या बदलापूरपर्यंत येतात आणि त्याच गाडीने परत फिरतात. मग बदलापूरच्या बायकांशी रोजची वादावादी. चौथ्या सीटवर कोणी टेकायचं, 'कुठे उतरणार?' असं विचारून कोणी जागा धरायची, हे ठरवणारी एक तरी असतेच. तिला कोणी निवडलेलं नसतं, प्रशिक्षण तर नाहीच. कॉलेजची नवी पोरगी पहिल्या दिवशी दारात चेंगरते. आठवड्याभरात ती बॅग पुढे घेऊन, एक कोपर बाहेर काढून चढते. शिकवलं कोणी? कोणीच नाही; पुढचीकडे बघून शिकली. हीच सीट धरणारी बाई कधी कधी मासळीच्या टोपलीवालीला डब्यात चढू देत नाही, हेही पोरगी तिच्याकडूनच शिकते. पुढच्यांकडून मागच्यांना शहाणपणच मिळतं असं नाही, हे म्हणीच्या लक्षातच आलेलं नाही.

मग बदलापूर आठवतं, नको तेव्हा. शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ला लोक रुळांवर उतरले, गाड्या तासन्‌तास बंद राहिल्या. बालवाडीच्या वयाच्या मुली त्या. त्यांच्यासाठी कुठली सखी, कुठली लीडर? त्यांच्या पुढे मोठ्यांनीच चालायला हवं होतं. तेव्हापासून किशोरींच्या नेतृत्वाच्या शिबिराचा फलक दिसला की शंका येते, आपण आपलं काम पोरींच्या हातात देऊन मोकळे होतोय का? आणि लगेच वाटतं, उल्हासनगरची ती पंधरा वर्षांची मुलगी नसती तर तिच्या गटातल्या वीस जणींचं बोलणं ऐकलं कोणी असतं? मी? मला तर त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नाही.

शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायचा शासन निर्णय मार्च २०२२चा, म्हणजे बदलापूरच्या दोन वर्षं आधीचा आहे. त्या समितीत विद्यार्थिनींनाही जागा आहे. तुमच्या मुलीच्या शाळेत ती बसते का, आणि त्यातली मुलगी काही बोलली तर ऐकतं कोण, एकदा जाऊन विचारा.