फिरणारें चक्र

आमची १० वर्षांची नात बॉस्टनला असते. दर रविवारीं सकाळीं डोळ्यांवर आभासी वास्तवाचा हेडसेट चढवून आम्ही एका ऑनलाइन खेळांत तिला भेटतों. (वाचकांनीं खुशाल हसावें, आम्हीं साठी केव्हांच ओलांडली आहे.) पण खेळांतलें जग उघडण्यापूर्वीं डोळ्यांपुढें नुसतें चक्र फिरत राही, आणि तें थांबेतों तिकडे तिची निजण्याची वेळ होई. आम्ही खेळ रचणाऱ्यांस दोष देत असूं.

अखेर पुतण्यानें आम्हांस हेडसेटसह राउटरजवळ नेऊन बसविलें, तों जग चटकन् उघडलें! राउटर आम्हींच माजघरांत लोखंडी कपाटामागें ठेविला होता. धातु लहरी अडवितो. शिवाय हेडसेट २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला. ही लहर दूरवर पोंचते, पण गति मंद, आणि तींत शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, परंतु भिंतींपुढें दुबळी. म्हणून राउटर आमच्या बसण्याच्या खोलींतच आणिला व हेडसेट ५ वर जोडला. भरत आलेला साठाही जुने खेळ काढून मोकळा केला.

गेल्या रविवारीं आम्ही आधींच जाऊन उभे. नात आली नि म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही माझ्या आधीं?"