बीचवर्थचा इन्स्पेक्टर

ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून मोटारीने तीन-साडेतीन तासांवर बीचवर्थ नावाचे डोंगराळ भागातले छोटे गाव आहे. १८५२ साली इथल्या ओढ्यांत सोने सापडले आणि बघता बघता तंबूंचे शहर उभे राहिले. नातेवाइकांकडे मेलबर्नला मुक्काम होता, तेव्हा आम्ही दोन दिवस काढून हे गाव पाहिले. मधाच्या रंगाच्या ग्रॅनाइटची कचेरी, कोर्ट, खजिना, कोठडी असा सारा सरकारी थाट अजून जागच्या जागी आहे. गावच्या म्युझियमला रॉबर्ट ओहारा बर्क यांचे नाव दिलेले आहे. १८५४ ते १८५८ या काळात ते इथले पोलीस अधिकारी होते.

बर्क मूळचे आयर्लंडचे. ऑस्ट्रियाच्या फौजेत काही वर्षे काढली, मग आयर्लंडच्या पोलिसांत आले आणि १८५३ मध्ये नशीब काढायला या मुलखात पोहोचले. मोठा लहरी माणूस! उन्हाळ्यात घरामागच्या टबात, डोक्यावर पोलिसी टोपी ठेवून, ते पुस्तक वाचत बसत, असे सांगतात. घरी येताना वाट चुकायचे, असेही सांगतात.

सोन्याच्या खाणींवर पोलिसाची नोकरी सोपी नव्हती. सोन्याच्या गाड्यांना पहारा, चोरट्या दारूच्या अड्ड्यांवर छापे, घोडेचोर, मारामाऱ्या हे रोजचेच. त्यात खाणकामगारांचा पोलिसांवर राग होता. आधी दरमहा ३० शिलिंग भरून परवाना घ्यावा लागे आणि तो तपासायला पोलीस तंबूतंबूत शिरत. याच जाचातून ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटजवळ युरेका इथे बंड झाले, वीसहून जास्त माणसे मेली. पुढच्या वर्षी परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचा हक्कनामा आला. गोऱ्या कामगारांना इन्साफ मिळाला. पण त्याच १८५५ साली जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला गेला.

चिनी लोक इतरांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुवून त्यातून सोने काढत. कष्टाळू, एकजुटीने राहणारे. चेहरा वेगळा, भाषा वेगळी, प्रार्थनेची जागा वेगळी. डोळ्यांत खुपायला एवढे पुरे होते.

४ जुलै १८५७. बीचवर्थपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर बकलंड नदीचे खोरे आहे. तिथे गोऱ्या कामगारांची सभा भरली आणि सभेतून जमाव निघाला. दोनेक हजार चिनी लोकांना तंबूंतून हुसकून लावले, सामान लुटले, तंबू आणि नवे प्रार्थनाघर जाळले. ऐन हिवाळ्यात माणसे जीव घेऊन नदीपलीकडे पळाली. सरकारी नोंदीत तीन मृत्यू आहेत, तेही आजारपणाच्या नावावर. एका चिनी माणसाच्या गोऱ्या बायकोलाही जमावाने मारहाण केली.

खबर बीचवर्थला आली आणि बर्क शिपायांची तुकडी घेऊन निघाले. चोवीस तासांत त्यांनी ती डोंगरवाट तुडवली. पोहोचले तेव्हा राख उरली होती. तेरा जण पकडले गेले. खटला बीचवर्थलाच चालला. ज्युरी सगळी गोऱ्यांची. गंभीर आरोपांतून सगळे सुटले आणि निकाल ऐकून बाहेरच्या लोकांनी जल्लोष केला.

आम्ही त्या गावात फिरत होतो, पण मन या निकालापाशी अडकले. इन्स्पेक्टरने आपले काम केले. उशिरा का होईना, धावत गेला, माणसे पकडून आणली. मग इन्साफ कुठे अडला? ज्युरीच्या बाकावर बसलेले वाणी, सुतार, कामगार हे गावचे साधेसुधे लोक होते. जुल्म करणारा त्यांचा ओळखीचा होता, सोसणारा अनोळखी. वर्दी आरोपीला कोर्टाच्या दारापर्यंत आणू शकते. दाराच्या आत शेजाऱ्याची नियत लागते.

गावच्या कब्रस्तानात चिनी लोकांचा वेगळा भाग आहे. मृतांच्या नावाने कागद जाळण्यासाठी बांधलेले दोन मनोरे तिथे उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशी ओळीने लहान लहान दगड आहेत.

बर्क यांचे नाव झाले ते पुढे. १८६० मध्ये खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडणाऱ्या मोहिमेचे ते प्रमुख झाले आणि परतताना १८६१ मध्ये उपासमारीने वारले. मेलबर्नमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले आणले होते. त्यांतल्या दोस्त मोहम्मद यांचा हात उंटाच्या हल्ल्यात कायमचा निकामी झाला. ते मायदेशी परतले नाहीत. मेनिंडी गावाजवळच्या माळावर, किब्ल्याकडे तोंड करून त्यांची कबर आहे.

बीचवर्थला कुणी गेलेच, तर म्युझियम पाहून परत फिरू नये. कब्रस्तानातल्या त्या दगडांपाशीही थोडा वेळ थांबावे. त्या माणसांच्या बाजूने त्या दिवशी कोर्टात एक हात जरी वर झाला असता, तरी या गावाची गोष्ट वेगळी सांगता आली असती.