दिंडोरीची पहाट

नाशिकहून सप्तशृंगीच्या दर्शनास जाणारी मंडळी वाटेत दिंडोरीस चहापुरती थांबतात आणि पुढे वणीचा रस्ता धरतात. येथे उतरून दोन दिवस राहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्ही यंदाच्या थंडीत मुद्दाम राहिलो. म्हसरूळची गजपंथाची टेकडी मागे पडली की मुलूख मोकळा होतो आणि रामशेज दिसू लागतो. १६८२ साली वेढा घालून बसलेल्या मोगलांना ज्याने वर्षानुवर्षे झुलविले, तोच हा किल्ला; दुरून तो इतका बेताचा दिसतो की इतिहासावर विश्वास बसू नये! पुढे कादवेचे खोरे आणि दोहों बाजूंस द्राक्षांचे मांडव. पश्चिमेकडे जावे तसतसे हे मांडव विरळ होतात, भाताची खाचरे व नागलीचे उतार लागतात, आणि कोकणा व महादेव कोळी लोकांचे पाडे दिसू लागतात.

या भागाची कीर्ती द्राक्षांनी झाली हे खरे; परंतु आम्हांस ओढ होती ती येथील धावणाऱ्या मुलींच्या मुलखाची. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत वैयक्तिक धाव-शर्यतीचे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. दिंडोरी तालुक्यातील पिंपळगाव केतकीची मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. दोघीही नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार झाल्या. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असली म्हणजे गावोगावचे आईबाप आपल्याही मुलीचा हात धरून मैदानावर येतात, आणि मग त्यांची गाठ पडते ती प्रशिक्षकाशी.

अशाच एका प्रशिक्षकांची आमची गाठ पडली. मुले त्यांस नुसते ‘सर’ म्हणतात. आम्हीही तेच म्हणू. पहाटे साडेपाचास मैदानावर धुके होते आणि पंधरावीस मुलेमुली अंगात स्वेटर घालून हळूहळू फेऱ्या मारीत होती. मुलांकडून सरांची अपेक्षा थोडकी आणि साधी. वेळेवर यावे, रात्री लवकर निजावे, शाळा बुडवू नये, आणि कोठे दुखत असेल तर सांगावे. यांतली शेवटची गोष्टच सर्वांत अवघड, असे ते म्हणाले. संघातून नाव वगळले जाईल या भीतीने मुले नडगीचे दुखणे लपवितात, आणि आठ दिवसांच्या विश्रांतीने जे बरे व्हावयाचे ते तीन महिने पुरते.

पालकांविषयी बोलू लागताच मात्र त्यांचा स्वर बदलला. हल्ली जत्रा, जयंती, पुढाऱ्यांचे वाढदिवस, अशा कोणत्याही निमित्ताने रस्त्यावरील शर्यती भरतात आणि पहिल्या येणाऱ्यास रोख बक्षीस मिळते. (तीन किलोमीटरच्या शर्यतीसही ‘मॅरेथॉन’ म्हणण्याची रीत पडली आहे, बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्यांनी हे ऐकून काय म्हणावे!) शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील मुलांना ६०० मीटरहून लांब धाव ठेवीत नाहीत, मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावावयास अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. हे नियम कोणी उगीच केलेले नाहीत. तरीही तेरा वर्षांच्या पोरास दर रविवारी नव्या गावी डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर पळविणारे बाप आहेत, आणि बक्षिसाच्या पैशांत घरचा किराणा भरला जात असेल तर त्यांस नुसता दोष देऊन भागत नाही, हेही सरच म्हणाले. त्यांचा खरा राग आहे तो जन्मतारीख मागेपुढे करून मुलास लहान गटात घुसविणाऱ्यांवर. “पोराला पहिला धडा खोटेपणाचा मिळतो, मग मी काय शिकवू?”

मुलींच्या बाबतीत मागणी याहून मोठी. लांब पल्ल्याची धावपटू वयाच्या विशीनंतर पिकते. दिल्लीच्या पदकाच्या वेळी कविता राऊत पंचवीस वर्षांची होती. म्हणजे बारातेरा वर्षांची मुलगी मैदानावर आणणाऱ्या घराकडे प्रशिक्षक दहाबारा वर्षे मागत असतो, आणि तीही नेमकी अशी की ज्यांत नातेवाईक स्थळे सुचवू लागतात. कायद्याने अठरा वर्षे पुरी झाली की सर्व अडचण सरली, असे पुष्कळांस वाटते. सर अशा घरी जाऊन ओट्यावर बसतात. पदकाचे आमिष ते दाखवीत नाहीत, कारण पदक शंभरांत एखादीस मिळते हे त्यांस ठाऊक आहे. दोन वर्षे काहीही निकाल विचारू नका, एवढेच वचन घेतात. कित्येक घरी तेही मिळत नाही.

आमच्या वाचकांच्या घरी द्राक्षबाग नसेल, परंतु शिकवणी असते, स्पर्धापरीक्षा असते, आणि मुलाच्या खेळाकडे पाहण्याची दृष्टी फारशी निराळी नसते. एकत्र कुटुंबात तर एका मुलास पाच प्रशिक्षक! आजोबांस त्याची छाती भरलेली दिसत नाही, काकांस त्याचा पवित्रा पसंत नसतो, आणि वडील मैदानाच्या कडेस उभे राहून सरांच्या सांगण्याच्या नेमके उलट ओरडत असतात. नाशिकहून मोटारीने मुलास आणणाऱ्या अशा एका गृहस्थांस सरांनी नम्रपणे पलीकडच्या लिंबाखाली बसावयास सांगितले. चिरंजीवांची पिशवी वडिलांच्याच खांद्यावर होती. तीही सरांनी मुलाच्या हाती दिली.

निघण्याच्या आदल्या दिवशी सर आम्हांस एका बागायतदाराच्या वस्तीवर घेऊन गेले. द्राक्षबागेच्या वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची व ऑक्टोबरची. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडांची विरळणी येते. ते बारीक कात्रीचे, बायकामुलींच्या हातचे काम, आणि मजूर वेळेवर मिळत नाहीत. शाळांच्या स्पर्धाही याच सुमारास. “सर, विरळणीच्या आठ दिवसांत तरी पोरीला सोडा,” गृहस्थ म्हणाले. “नाना, दिवसभर ओणवी उभी राहून ती संध्याकाळी कशी धावेल?” सरांनी विचारले. बराच वेळ घासाघीस झाली. मुलगी दाराआडून ऐकत होती, बोलली नाही. शेवटी ठरले ते असे: मंगळवार व शनिवार हे कठीण धावेचे दिवस, त्या दिवशी कात्री हाती द्यावयाची नाही; बाकीचे दिवस पहाटेची धाव करून दुपारपर्यंत बाग. नानांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत औषधाच्या फवारणीच्या तारखांशेजारी ते दिवस तांबड्या शाईने खुणावले, आणि आतल्या बाजूस वळून मुलीच्या आईस चहा टाकावयास सांगितले.