रोजचीच हाकाटी

खोटे बोलणाऱ्या मनुष्यापेक्षा खोटी हाक मारणारे यंत्र अधिक घातक, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मनुष्याची आपण निदान एकदा तरी उलटतपासणी करतो. यंत्र उगाच ओरडू लागले, की आपण कुशीवर वळतो आणि पुन्हा झोपी जातो!

आमच्या मोटारीच्या चोरसूचक भोंग्याने यंदाच्या श्रावणात हेच केले. पहिल्या खेपेला सारे घर काठ्या नि विजेऱ्या घेऊन अंगणात धावले. चौथ्या खेपेला दादा तेवढे खिडकीशी गेले. सातव्या खेपेला कोणीच उठले नाही. चोराला याहून अधिक काय हवे? "तार तोडून टाका, म्हणजे कटकट मिटेल," असा दादांनी निकाल दिला. परंतु वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तार तोडली तर आवाज थांबेल, पण तो ओरडतो कशाने, ते कसे कळणार?" आणि भोंगा केव्हा वाजतो, त्या वेळी हवा कशी असते, याची नोंद त्यांनी एका जुन्या वहीत सुरू केली.

आमच्या भोंग्याला खबर देणारे हेर तीन. दारांची व बॉनेटची बटणे हा पहिला. गाडीला बसलेला हादरा ओळखणारा दुसरा. आणि आतली हालचाल टिपणारा तिसरा. हा तिसरा सेन्सर सेकंदाला सुमारे ४०,००० कंपनांचा ध्वनी सोडतो व परतणाऱ्या प्रतिध्वनीतला फरक पाहतो. मनुष्याचा कान २०,००० च्या पलीकडे ऐकत नाही, म्हणून आपल्याला त्याची वार्ताही नसते. काच किंचित उघडी राहून वारा शिरला, तरी तो फसतो. हादऱ्याच्या सेन्सरला फटाके वा ढोल पुरतात.

प्रथम बॅटरी तपासली. कारण ती दुबळी झाली तरी अशी यंत्रे बावचळतात. ती १२.६ व्होल्ट भरली, म्हणजे निर्दोष ठरली. मग एका वेळी एकाच हेराला रजा द्यायची, असा नियम केला. दोघांना एकदम दिली, तर अपराधी कोण हे उमगत नाही. आतला सेन्सर बंद केला, भोंगा वाजलाच. हादऱ्याचा सेन्सर मंद केला; तरीही वाजला. वही मात्र स्पष्ट सांगत होती, की तो ओरडतो केवळ पावसाच्या रात्री. तेव्हा बॉनेटखालचे बटण काढून पाहिले. बॉनेट मिटलेले असता आमच्या गाडीच्या या बटणातून विजेला वाट मिळता कामा नये. पण गंज आणि ओल यांनी तेथे चोरवाट पाडली होती! नवे बटण बसविले, आणि पुढच्या सगळ्या सरींत भोंगा गप्प राहिला.

वही मात्र कपाटात गेली नाही. आमच्या आत्याबाई अधूनमधून "छातीत भरून येते" म्हणत, आणि त्या तक्रारीला घरात 'रोजचेच' हे नाव पडू लागले होते. वहिनींनी पान उलटून नवा मथळा घातला. पंधरवड्यात दिसून आले, की तक्रार येते ती जिना चढून आल्यावर. स्वस्थ बसल्या असता कधीच नाही. वहिनी ती वही घेऊनच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचले आणि हृदयाची तपासणी दुसऱ्याच दिवशी ठरविली. औषध सुरू झाले आहे, आणि आत्याबाईंचा पलंग आता तळमजल्यावर, देवघराशेजारच्या खोलीत आहे.